एकट्याच्या पटावरचं अवघड ‘हो’

ब्रेनविटाचा पट आपल्याकडे ओळखीचा आहे: ३३ खळगे, मधला रिकामा, उडी मारली की खालची गोटी बाद आणि शेवटी एकच उरली की डाव सुटला. फ्रान्समध्ये १६९७ साली हा खेळ खेळला जात होता. तेव्हापासून त्याभोवती जमलेलं गणित पाहिलं की एक विषमता डोळ्यांत भरते. एखादा डाव सुटणारच नाही, हे कधीकधी दोन ओळींत सिद्ध होतं. कुठलाही डाव सुटेल की नाही हे झटपट सांगणारी कसोटी मात्र नाही आणि ती मिळेल अशी आशाही धरू नये, असं माझं मत आहे.

३७ खळग्यांचा फ्रेंच पट घ्या. तिरप्या ओळी क्रमाने लाल, पिवळ्या, निळ्या रंगवत गेलो की आडव्या-उभ्या कुठल्याही उडीच्या तीन खळग्यांत तिन्ही रंग येतात. दोन रंगांची एकेक गोटी कमी होते, तिसऱ्याची एक वाढते; म्हणजे तिन्ही संख्यांची सम-विषमता एकदमच पालटते. मधला खळगा रिकामा ठेवला तर प्रत्येक रंगाच्या १२ गोट्या बसतात. तिन्ही सम, मग तिन्ही विषम, पुन्हा तिन्ही सम. शेवटी एकच गोटी उरायची तर हिशेब १, ०, ० असा हवा. तो इथे कधीच जमणार नाही. एकही उडी न मारता निकाल लागला.

लायबनिझने १७१६ सालच्या एका पत्रात आपण हा खेळ उलटा खेळतो असं लिहिलं आहे: रिकाम्या खळग्यावरून उडी मारायची आणि तिथे गोटी ठेवायची. हा नुसता छंद नव्हे. उडीआधी गोटी, गोटी, रिकामा. उडीनंतर रिकामा, रिकामा, गोटी. गोटी आणि रिकामी जागा यांची अदलाबदल केली की उलटी उडी हुबेहूब सुलटी होते. म्हणून शेवटची गोटी मधल्या खळग्यात उरवणारी ब्रेनविटाची उकल शेवटाकडून वाचली तरी उकलच राहते.

मग अशाच युक्त्या वाढवत नेल्या तर पूर्ण कसोटी हाती येणार नाही का? १९९० साली उएहारा आणि इवाता यांनी दाखवलं, की पट हवा तेवढा मोठा करू दिला तर हा प्रश्न ‘एनपी-पूर्ण’ आहे. याचा अर्थ असा: प्रत्येक उडीला एक गोटी जाते, त्यामुळे कुणी उकल दिली तर ती तपासणं सोपं. पण ती शोधण्याचा वेगवान मार्ग सापडला, तर असंख्य कुप्रसिद्ध प्रश्नही झटक्यात सुटतील. तसं होईल असं फार थोड्या तज्ज्ञांना वाटतं.

संगणक ब्रेनविटा सहज सोडवतो, हा आक्षेप खरा आहे, पण मुद्द्याला लागू नाही. ३३ खळग्यांच्या सुमारे ८५९ कोटी मांडण्या होतात, आणि दर वाढत्या खळग्यागणिक हा आकडा दुप्पट होतो. नियमच किचकट आहे असंही नाही: गोट्या एकाच ओळीत असतील तर डाव सुटेल का, हे चटकन ठरवता येतं, असं मूर आणि एपस्टीन यांनी सिद्ध केलं आहे. आडव्या आणि उभ्या उड्या एकमेकींत गुंततात, तिथे काठिण्य जन्मतं. ‘नाही’ दरवेळी स्वस्तात मिळतं असंही नव्हे. एकाच गोटीच्या सलग उड्या एक चाल धरून बर्गहोल्टने १९१२ साली १८ चालींत डाव सोडवला. त्याहून कमी चालींत तो सुटत नाही, हे बीस्लेने सिद्ध करायला १९६४ उजाडलं. त्यामुळे या खेळाचं गणित सांगताना रंगांच्या युक्तीवर थांबणं म्हणजे अर्धंच सांगणं आहे. ती युक्ती कुठवर पोचते, हे १९९० च्या निकालानेच कळतं.