वॉरंटीतली गाडी आणि आपला हात



“गाडयेक हात लावलंस तर वॉरंटी जातली हां!” नवी गाडी दारात आली की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने ते इतकं मनावर घेतलं की तिने वर्षभर बोनेटच उघडलं नाही. कूलंट कमी झालं. तापमानाचा लाल दिवा लागला, तरी घर जवळ आलं म्हणून तिने गाडी तशीच दामटली. इंजिनाचा खर्च वॉरंटीत बसला नाही, कारण पातळी बघायचं काम मालकाचं, असं गाडीच्या पुस्तकातच लिहिलेलं होतं. म्हणून आजची ही गजाल.

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द: कारखान्यातला दोष निघाला तर आम्ही तो फुकट दुरुस्त करू. ब्रेक पॅड किंवा वायपरचं रबर वापराने झिजलं तर ते सहसा त्यात येत नाही. आपल्या बाजूनेही अटी असतात. सर्व्हिस ठरलेल्या मुदतीत करायची, ऑइल सांगितलेल्या ग्रेडचं घालायचं, आणि रोजची देखभाल करायची. म्हणजे गाडीला हात न लावणं हासुद्धा हलगर्जीपणाच.

मग बाहेरच्या गॅरेजात गेलं की वॉरंटी सगळीच जाते का? ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू देत नाहीत, हा ठपका होता. त्याच आदेशात आयोगाने सांगितलं की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या. म्हणून त्या एका आदेशावर विसंबू नका. मुदतीतल्या सर्व्हिस अधिकृत सेंटरातच करून घ्या, मग त्यासाठी कुडाळ-कणकवलीपर्यंत जावं लागलं तरी.

बाकीचं मात्र घरच्या अंगणात होतं. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. किती हवी त्याचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. ऑइलची पट्टी बघताना गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी बघा. कूलंटची पातळी टाकीच्या दोन खुणांमध्ये हवी, आणि गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी अंगावर उडतं.

आपल्या किनाऱ्यावर खारा वारा हा गाडीचा मोठा वैरी. पावसाळ्यानंतर आणि दर्याकडे जाऊन आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. पुळणीत गाडी उतरवूच नका. खाऱ्या पाण्याने आलेला गंज बऱ्याच कंपन्या वॉरंटीबाहेर ठेवतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता दाखवा.

काही गोष्टींना मात्र हात नको. जादा दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांसाठी वायर कापून जोडणं, बाहेरून गॅस किट बसवणं, एअरबॅगजवळ काही उघडणं. विजेच्या बिघाडाचा दावा अडतो तो बहुतेकदा अशा कापलेल्या वायरीपाशीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: लिहून ठेवा. आपण घराचा जमाखर्च लिहितो तशीच एक वही गाडीची. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय घातलं. ऑइल किंवा फिल्टर विकत घेतला तर पक्कं बिल घ्या, डब्यावरच्या ग्रेडचा फोटो काढा. तोंडी शब्दाला सेंटरात किंमत नसते.

दावा नाकारला तर भांडत बसू नका. कारण लेखी मागा: कुठला भाग, कुठली अट, आणि आपल्या कामामुळेच तो बिघडला असं कशावरून? समाधान झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढे सिंधुदुर्गनगरीत जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि तिथे वकील लावलाच पाहिजे असं नाही.

आज संध्याकाळी एवढंच करा. गाडीच्या कप्प्यातलं ते पुस्तक बाहेर काढा आणि वॉरंटीची पानं वाचा. चतुर्थीला मुंबईहून माणसं येतील, गाडीला उसंत मिळणार नाही. त्याआधी बोनेट एकदा उघडून बघा.