दिव्यांवरील रंगीत आच्छादनें व रात्रीचा रस्ता

कसालहून मालवणकडे जाणारा रस्ता दिवसां रमणीय खरा. पावसाळ्यांतील रात्रीं मात्र तो चालकाची परीक्षा पाहतो. वळणें पुष्कळ, दोहों बाजूंस झाडी, जांभ्याची लाल माती वाहून डांबरावर आलेली, आणि मध्येंच एखादी म्हैस निश्चिंतपणें बसलेली. अशा रस्त्यावर फिरणाऱ्या मोटारींच्या पुढील दिव्यांस शोभेखातर धुरकट आच्छादन बसविण्याची हौस कांहीं तरुणांस असते.

आच्छादन प्रकाश उत्पन्न करीत नाहीं. असलेल्या प्रकाशांतील कांहीं भाग गिळतें, इतकेंच. वस्तूवर पडणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटतो. म्हणून निम्मा प्रकाश अडला तरी दृष्टीचा पल्ला निम्म्यावर येत नाहीं, सुमारें सात-दशांशांवर येतो. हें ऐकून हौशी मंडळी सुखावतील! परंतु जी म्हैस पूर्वी ६० मीटरांवर दिसली असती, ती आतां ४२ मीटरांवर दिसेल. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदास सुमारें १७ मीटर धांवते. धोका उमजून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तेथेंच संपले. ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी २५ ते ३० मीटर लागतात. बेरीज ज्याची त्यानें करावी.

पिवळ्या आच्छादनाचा कैवार घेणारे आंबोली घाटांतील धुक्याचा दाखला देतात. हवेचे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून आकाश निळें दिसतें. तोच नियम ते धुक्यास लावतात. पण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींहून कितीतरी मोठे असल्यानें सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फ्रान्समध्यें १९३७ पासून पिवळे दिवे सक्तीचे होते. १९९३ सालीं ती सक्ती उठली. धुक्यांत खरा उपयोग खालीं बसविलेल्या व खालींच रोखलेल्या झोताचा. वर रोखलेला झोत थेंबांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांत येतो, मग त्याचा रंग कोणताही असो.

उत्पादकानें ठरविलेल्या रचनेंत परस्पर फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मनाई आहे, हें निराळेंच.

एक आच्छादन मात्र कोणी विकत न घेतां लाभतें. हल्लींच्या दिव्यांचें प्लॅस्टिकचें भिंग वर्षानुवर्षे उन्हांत राहून पिवळें व धूसर होतें. तें पावसाळ्यापूर्वी घासून-पुसून घ्यावें, किंवा फारच गढूळ झालें असल्यास बदलावें.