मोबाईलचा दीर्घकाळ वापर आणि आरोग्य

बाजारभाव, हवामान अंदाज, पंप चालू-बंद करणे अशा कितीतरी कामांसाठी आपण मोबाईल वापरतो. तो वर्षानुवर्षे कानाला लावल्याने मेंदूचा कर्करोग होतो काय, अशी शंका अनेकांच्या मनात असते. तिचा शास्त्रीयदृष्ट्या विचार करू.

मोबाईलमधून रेडिओलहरी बाहेर पडतात. क्ष-किरणांप्रमाणे पेशीतील रेणू तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. कानालगतचा भाग किंचित तापणे, हा त्यांचा सिद्ध झालेला परिणाम होय.

सन २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' अशा २-ब गटात घातल्या. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल त्रिकोण विषारीपणा दाखवतो. हा गट मात्र धोका किती ते नव्हे, तर पुरावा किती सबळ ते सांगतो. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे.

पुढे २०२२ मध्ये ब्रिटनमधील सुमारे ७ लाख ७६ हजार महिलांच्या पाहणीत मोबाईल वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र त्यांत रोज बराच वेळ बोलणाऱ्या थोड्याच होत्या. सन २०२४ मध्ये ६३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांहून अधिक काळ मोबाईल वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कर्करोगाची वाढ दिसली नाही. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण पुढील काळजी जरूर घ्यावी.

१. नेटवर्क कमी असेल तेथे फोन जास्त शक्तीने लहरी सोडतो. अशा ठिकाणी बोलणे थोडक्यात आटोपावे.

२. लांबलचक बोलणे स्पीकर किंवा इअरफोनवर करावे. अंतर वाढताच लहरींची तीव्रता झपाट्याने घटते.

३. रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहू नये. झोप कमी होते.

४. मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालवताना फोन घेऊ नये. हा धोका निर्विवाद आहे.

५. फवारणी करताना मोबाईल हाताळू नये. हाताचे औषध फोनला व फोनचे गालाला लागते.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. फवारणीनंतर डोके दुखणे, मळमळ, घाम किंवा अंधुक दिसणे अशी लक्षणे आढळल्यास 'मोबाईलमुळे होत असेल' म्हणून घरी थांबू नका. ती विषबाधा असू शकते. औषधाचे लेबल किंवा माहितीपत्रक सोबत घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जा.