गुलबक्षीची ईव्हनिंग शिफ्ट

नर्सरीतून हौसेने आणलेल्या रोपांपैकी किती जणांनी तुमच्या बाल्कनीतला गेला मे महिना पाहिला? धाराशिवला माझ्या आत्याच्या परसात मात्र मोरीच्या तोंडाशी गुलबक्षी भर उन्हाळ्यात फुलते. ना वाफे, ना माळी. बी पडलं तिथे झाड!

उस्मानाबादचं २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, पण नाव बदलल्याने पाण्याची चणचण थोडीच जाते! २०१६ च्या एप्रिलमध्ये तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात फुलझाडाला पाणी म्हणजे चैनच की! मी आत्याला तसं विचारलंच.

'म्या कुठं घालते? तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी जातंय तिकडं, तेवढ्यावर भागतंय तिचं. नाहीच मिळालं तर बसती गप.'

हे गप बसणं हाच गुलबक्षीचा खरा फंडा. जमिनीखाली तिचा जाडजूड गड्डा असतो. पाणी तुटलं की वरचा पाला वाळतो, गड्डा तग धरतो आणि ओल मिळाली की पुन्हा कोंब. बाई मूळच्या अमेरिका खंडातल्या. पण गुलबक्षी रंगाची साडी म्हटल्यावर हे कुणाच्या ध्यानात येतं?

फुलं उमलतात दुपारी चारनंतर, रात्रभर मंद दरवळतात आणि सकाळी ऊन चढलं की मिटतात. ऑफिसातून दमून येणाऱ्यांसाठी एकदम परफेक्ट टायमिंग! आपण पाकळ्या समजतो तो खरं तर रंगीत निदलपुंज. त्याच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी होते. (गजऱ्याचे पैसे वाचले!) लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलं कशी येतात, हे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी दाखवलं. बारावीच्या बायॉलॉजीत भेटली असेल ही तुम्हाला.

लावायची? मिऱ्यासारखं काळं बी रात्रभर भिजवून फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा. गड्ड्यासाठी कुंडी निदान फूटभर खोल हवी, ऊनही भरपूर. धुण्याभांड्याचं साबणाचं पाणी नको, भाज्या धुतलेलं चालेल. बी आणि गड्डा विषारी असतात, तेव्हा घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जपून. आणि बिया पडून उगवलेली जादा रोपं कोवळी असतानाच उपटा. गड्डा धरला की मग कुदळच लागते.