गावच्या पाळकाचा पगार कोण द्यायचा? रेव्हरंड टिळकांच्या काळातलं खेड्यातलं चर्च समजून घेऊया

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडते आणि थोड्याच वेळात आमगाव येतं. पुढे सालेकसा, डोंगरगड आणि मग राजनांदगाव. १८९३ च्या सुमारास याच मार्गाने तिशीतला एक मराठी कवी राजनांदगावला चालला होता. डब्यात त्याची गाठ एका गोऱ्या मिशनऱ्याशी पडली. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. निरोप घेताना मिशनऱ्याने त्याच्या हातात बायबलमधला नवा करार ठेवला.

तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. आमगावकरांसाठी यात एक गमतीचा योगायोग आहे. संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं होतं. म्हणजे संस्कृत काव्यावरच्या त्या गप्पा भवभूतीच्या गावाजवळून गेल्या!

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंतची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. पण पुढे ते पाळक झाले, म्हणजे नेमकं काय झाले? त्या काळात खेड्यातलं चर्च चालायचं कसं, रविवारी तिथे काय व्हायचं आणि पाळकाचं घर कोणाच्या पैशावर चालायचं?

पाळक म्हणजे कोण?

बोलताना आपण सरसकट 'पाद्री' किंवा 'फादर' म्हणतो. फादर हा शब्द प्रामुख्याने कॅथलिक धर्मगुरूंसाठी वापरतात. मराठी प्रोटेस्टंट चर्चमधला शब्द आहे 'पाळक'. मेंढरं राखणारा, त्यांची काळजी घेणारा, असा त्याचा अर्थ. ज्या लोकांची जबाबदारी त्याच्यावर असते, ती त्याची 'मंडळी'. नावाआधी लागणारं 'रेव्हरंड' हे त्या पदाचं बिरुद.

बाळाचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्ही वेळी पाळक लागतो. त्याची नोंद ठेवणं हेही चर्चचं काम. ख्रिस्ती विवाहांसाठी १८७२ साली झालेला कायदा आजही लागू आहे आणि त्यात पाळकाने लावलेल्या लग्नाची नोंद कशी करायची, तेही सांगितलेलं आहे. म्हणजे धर्मोपदेशक असलेला हा माणूस काही प्रमाणात गावचा नोंदणी कारकूनही होता.

इंग्लंडच्या खेड्यात काय होतं?

राणी व्हिक्टोरियाचा काळ १८३७ ते १९०१. तेव्हा इंग्लंडच्या खेड्यातला पाद्री हा गावातला प्रतिष्ठित माणूस असायचा. चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारमान्य चर्च होतं. शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, चर्चला देण्याची जुनी पद्धत होती. १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख रक्कम देण्याची सोय केली. त्यामुळे पाद्र्याचं पोट भरायचं ते मुख्यतः गावच्या जमिनीवर.

तिथेही समानता होती असं नाही. अनेक चर्चमध्ये पुढचे बाक भाडं भरणाऱ्या घरांसाठी राखलेले असत आणि गरिबांना उरलेल्या जागेत बसावं लागे.

याच काळातली एक प्रथा आज आपल्याकडेही दिसते. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावचे पाद्री रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ मध्ये पीक हाती आल्यावर आभार मानण्याची खास उपासना ठेवली. तिथून हा सण पसरत गेला. मराठी चर्चमधला सुगीचा सण, म्हणजेच 'हार्वेस्ट फेस्टिव्हल', याच परंपरेतला. लोक धान्य, भाजीपाला, कधी कोंबडीही घेऊन येतात, त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामाला जातात.

नगर जिल्ह्यात गणित वेगळं का होतं?

टिळकांनी ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, ते १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) पोहोचलं. पुढे नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत त्याच्या मंडळ्या उभ्या राहिल्या.

इथे चर्चला दशांश देणारे जमीनदार नव्हते. खेड्यांतले बहुतेक नवे ख्रिस्ती महार आणि मांग समाजातले होते. गावकीची कामं करायची आणि बदल्यात बलुतं घ्यायचं, अशी त्यांची व्यवस्था. हातात रोख पैसा क्वचितच. त्यात १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या शेवटी लागोपाठ आलेले दोन दुष्काळ. अशी मंडळी पाळकाचा पगार कुठून देणार?

तो मिशनकडून यायचा आणि मिशनचा पैसा यायचा अमेरिकेतल्या देणगीदारांकडून. पण ज्याच्या हातात पैसा, त्याचा शब्द शेवटचा. ही अडचण मिशनच्या वरिष्ठांनाही दिसत होती. बोस्टनच्या मुख्य कार्यालयाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले होते. स्थानिक चर्चने आपला खर्च आपण भागवावा, आपला कारभार आपण करावा आणि आपला प्रसारही आपणच करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास नगरमध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक मराठी झाले, पण पगाराचा प्रश्न तसाच राहिला.

रविवारी काय व्हायचं?

अमेरिकन मिशनची उपासना साधी होती. गीत, प्रार्थना, बायबलचं वाचन, उपदेश, दान आणि शेवटी आशीर्वाद. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ठरलेल्या प्रार्थनापुस्तकावरून उपासना चाले, तर इथे पाळक स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करी.

सगळ्यात अवघड क्षण प्रभुभोजनाचा. एकच भाकर मोडून सगळ्यांनी खायची, एकाच पेल्यातला द्राक्षारस सगळ्यांनी घ्यायचा. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात ब्राह्मण घरातून आलेल्या माणसाने आणि महारवाड्यातून आलेल्या माणसाने एका पेल्याला ओठ लावायचे! उपदेशात समता सांगणं सोपं, पण इथे ती प्रत्यक्ष करून दाखवावी लागायची.

गाणं कोणाचं?

सुरुवातीची बरीच मराठी गीतं इंग्रजी गीतांची भाषांतरं होती, चालीही तिकडच्याच. ओवी आणि अभंगावर वाढलेल्या कानांना त्या जड जात.

१८६० च्या दशकात नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली. कीर्तनाचा साचा आपला नेहमीचा, फक्त आख्यान बायबलमधलं. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही गोष्ट कळू लागली.

टिळकांनी हे काम पुढे नेलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यामुळे त्यांनी अभंग, भजनं, पदं लिहिली आणि स्वतः कीर्तनंही केली. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची दोनशेहून अधिक गीतं आहेत.

पाळकाच्या घरात काय चालायचं?

१९०४ मध्ये टिळकांना दीक्षा मिळाली आणि काही वर्षं ते राहुरीला राहिले. पाळकाचं घर आतून कसं होतं, हे आपल्याला कळतं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातून.

टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की ते देऊन मोकळे होत आणि घर चालवण्याची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. घरात माणसांचा राबता असे. बालकवी ठोंबरेही काही काळ त्यांच्याकडे राहिले होते.

लक्ष्मीबाईंचा प्रवास तर टिळकांपेक्षाही कठीण. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या तरी सोवळं-ओवळं पाळत राहिल्या. ते हळूहळू गळून पडलं आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला म्हणून लगेच बायकोने घेतला, असं झालं नाही.

मग पगाराचं काय झालं?

टिळकांना मिशनच्या पैशाचा हा प्रश्न सतत टोचत राहिला. ख्रिस्ती होणं म्हणजे परदेशी होणं नव्हे, असं ते ठामपणे मांडत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने जगायचं ठरवलं आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पण हे काम उभं राहण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

चर्चची सूत्रं भारतीयांच्या हाती यायला आणखी बरीच वर्षं लागली. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या आधी इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांबरोबर एकत्र आल्या आणि पुढे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'मध्ये सामील झाल्या. या चर्चची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली ती नागपुरात. टिळकांच्या त्या रेल्वेमार्गाचं एक टोक तेच.

म्हणजे नगरच्या खेड्यांतल्या चर्चमध्ये आधी पाळक मराठी झाले, मग गाणं मराठी झालं आणि पैसा-कारभार सगळ्यात शेवटी हातात आला. सुगीच्या सणाला चर्चच्या आवारात एखादा दुधी भोपळा त्याच्या किमतीच्या कितीतरी पट बोलीला जातो, तेव्हा बाहेरच्याला हसू येईल. पण आपलं चर्च आपल्या पैशावर चालावं, ही दीडशे वर्षांपूर्वीची धडपड त्या बोलीत अजून चालू आहे.