अडीनडीची पेटी

ज्यू परंपरेत गरजूला मदत करणे हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. त्यासाठीचा हिब्रू शब्द ‘त्सेदाका’ न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे.

या मदतीचे नियम जुने आहेत. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ज्यू नियमग्रंथात दोन सोयी सांगितल्या आहेत. ‘तमखुई’ म्हणजे रोजच्या अन्नाची सोय, तर ‘कुपा’ म्हणजे आठवड्याच्या खर्चाची पेटी. ज्याच्या घरी दोन जेवणांपुरते आहे, त्याने तमखुईतून घेऊ नये. चौदा जेवणांपुरते असेल, त्याने कुपातून घेऊ नये. पेटीसाठी पैसे दोघांनी गोळा करायचे आणि तिघांनी मिळून वाटायचे. एकट्याच्या मर्जीवर काहीच सोडलेले नाही.

बाराव्या शतकातील विद्वान मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे.

याच विचारातून न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली ‘हिब्रू फ्री लोन सोसायटी’ अवघ्या ९५ डॉलरच्या भांडवलावर उभी राहिली. ती आजही बिनव्याजी कर्ज देते, आणि तेही धर्म न विचारता. जामीनदार लागतात. फेडीचे पैसे पुढच्या गरजूकडे जातात.

दवाखान्याचे बिल किंवा थकलेले भाडे समोर उभे असताना सावकाराच्या दारी जावे न लागणे, हा फार मोठा आधार आहे. घेणाऱ्याची मान ताठ राहते, हे त्याहून मोलाचे.