माळेचा झोळ आधी कागदावर, मग मांडवावर

दिवाळी, गणपती, हळदीचा मांडव, कोणतेही कार्य असो, दिव्यांच्या माळा लागतातच. आमच्या गटाने रोषणाईची कामे घ्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच मोठ्या कामात आम्ही फसलो.

मांडवाची दर्शनी बाजू तीस फुटांची होती. दर दहा फुटांवर खिळा आणि माळांच्या चार रांगा. टेप धरून आम्ही हिशोब केला, तीस चोक एकशेवीस फूट. रात्री माळा चढवताना शेवटची रांग पुरेना. यजमानांना दोन फूट झोळ हवा होता आणि आम्ही मोजले होते सरळ रेषेत. ऐनवेळी तालुक्यावरून जास्तीची माळ आणली. गाडीखर्च धरता त्या कामात हाती काही उरले नाही, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

चूक कुठे झाली? दोन खिळ्यांमध्ये दहा फूट अंतर असेल आणि मधोमध एक फूट झोळ सोडला, तर माळ सव्वादहा फूट लागते. दोन फूट झोळाला अकरा फूट, तीन फुटाला बारा फूट. म्हणजे आमच्या चार रांगांना एकशेबत्तीस फूट हवे होते. कमानीचे तर याहून जास्त. आठ फूट रुंदीच्या अर्धगोल कमानीला साडेबारा फूट माळ लागते.

आता आम्ही आधी संगणकावर चित्र काढतो. इंकस्केप नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. गटातल्या एकीच्या मुलीच्या लॅपटॉपवर आम्ही तो शिकलो. रीत अशी.

पहिले, जागेचा फोटो अगदी समोरून काढायचा. तिरका फोटो मापात फसवतो. एक ओळखीचे माप टेपने घ्यायचे, उदाहरणार्थ दोन खांबांतले अंतर.

दुसरे, फोटो प्रोग्रॅममध्ये घेऊन लहानमोठा करायचा, म्हणजे दहा फुटांचे ते अंतर पडद्यावर दहा सेंटिमीटर भरेल. मग एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट. त्यानंतर फोटोला कुलूप लावायचे, नाहीतर तो हलतो.

तिसरे, पेनचे साधन घ्यायचे. बी हे बटण दाबले तरी ते मिळते. पहिल्या खिळ्यावर क्लिक, दुसऱ्यावर क्लिक, असे शेवटपर्यंत जाऊन एंटर. क्लिक करताना माउस ओढायचा नाही. ओढला तर रेघ खिळ्याजवळही गोल होते आणि सापासारखी दिसते. खरी माळ तशी नसते. तिला खिळ्याजवळ टोक असते आणि मधे पोट.

चौथे, एन बटण दाबून रेघेचा मधला भाग धरून खाली ओढायचा. सरळ रेघ वाकते आणि झोळ तयार होतो. किती ओढला ते बाजूच्या पट्टीवर दिसते. रेघ तुटक आणि गोल टोकांची केली, की दिवे लागल्यासारखी दिसते.

पाचवे, विस्तारांच्या यादीत रेघेची लांबी मोजण्याची सोय आहे. वाकलेल्या रेघेची लांबी सेंटिमीटरमध्ये येते. आपण तेवढे फूट समजायचे.

वाकड्या रेघा अशा ओढून काढण्याची रीत फ्रान्समध्ये रेनो कंपनीतले अभियंते पियेर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारींच्या आकारांसाठी वापरली. आज तीच आपल्या मांडवाला उपयोगी पडते.

दोन गोष्टी विसरू नका. प्लगपासून पहिल्या दिव्यापर्यंतची वायर वेगळी मोजा. आणि माळ उरली म्हणून कापू नका. थेट विजेवर चालणाऱ्या माळेत दिवे एकामागे एक जोडलेले असतात. काही कमी केले की उरलेल्यांवर जास्त दाब येतो आणि ते जळतात. उरलेला भाग मागे दुमडून बांधा.

लॅपटॉप नसेल तर सुतळी घ्या. हवा तेवढा झोळ सोडून दोन खिळ्यांना बांधा, काढून टेपवर मोजा. उत्तर तेच येईल.

चित्राचा आणखी एक फायदा झाला. झोळ किती, रांगा किती, हे यजमान आधीच बघतात आणि पैसे त्यावर ठरतात. मागाहून वाद होत नाही. गटाचा पैसा सगळ्यांचा असतो, मैत्रिणींनो. तो मोजूनच खर्च करूया.